गुन्हा रद्द करायचा की खटला हलवायचा?

या महिन्यात आलेल्या टपालात फसवणुकीच्या गुन्ह्यांविषयी चार पत्रे होती. चारही मराठवाड्यातील आहेत आणि चारहींमध्ये एकच गल्लत आहे. ‘गुन्हा मुळात घडला का’ आणि ‘गुन्हा कोणत्या गावच्या न्यायालयात चालावा’ हे दोन प्रश्न पत्रलेखकांनी एकत्र बांधले आहेत. म्हणून हे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. वाचकांच्या हातातील कागदांवर जुनी आणि नवी अशी दोन्ही कलमे दिसतात, त्यामुळे आधी तेवढे स्पष्ट करतो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लागते आणि त्यानंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४). दोन्हींत शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, तो आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. खटला वर्ग करण्याची जुनी कलमे ४०६ व ४०७, नवी ४४६ व ४४७.

प्रश्न : मी धारूर तालुक्यातील ऊसतोड मुकादम आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका वाहतूकदाराशी मागच्या हंगामासाठी चौदा कोयत्यांचा (एक कोयता म्हणजे ऊसतोड कामगारांची एक जोडी) करार नोटरीसमोर केला आणि अकरा लाख रुपये उचल माझ्या येथील बँक खात्यात घेतली. नऊ कोयते कारखान्यावर गेले, पाच जोड्यांनी ऐनवेळी दुसरीकडची वाट धरली, आणि गेलेल्यांपैकी तीन जोड्या संक्रांतीनंतर गावी परतल्या. वाहतूकदाराने तिकडच्या पोलीस ठाण्यात माझ्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला आहे. मी बीड जिल्ह्यात राहतो, करार येथे झाला, पैसे येथे घेतले. मग कोल्हापूरच्या पोलिसांना अधिकार कसा? छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा की खटला बीडला आणावा?
— एक मुकादम, जि. बीड

उत्तर : अधिकारक्षेत्राचा मुद्दा आपल्याला सर्वांत भक्कम वाटतो आहे, आणि माझ्या मते तोच आपल्या प्रकरणातील सर्वांत कच्चा मुद्दा आहे. गुन्हा जेथे घडला तेथे चालवावा हा सर्वसाधारण नियम असला, तरी फसवणुकीसाठी कायद्याने हे क्षेत्र मुद्दाम रुंद ठेवले आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ नुसार फसवणूक पत्राने, फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक संदेशाने झाली असेल, तर तो संदेश जेथून निघाला आणि जेथे पोहोचला अशा दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असतो. तसेच फसवणूक झालेल्या माणसाने मालमत्ता जेथून दिली किंवा आरोपीने ती जेथे स्वीकारली, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी खटला चालू शकतो. वाहतूकदाराच्या कोल्हापूरकडील खात्यातून रक्कम निघाली आणि आपल्या खात्यात जमा झाली. म्हणजे दोन्ही जिल्हे बसतात. शिवाय तपासाच्या टप्प्यावर केवळ ‘या ठाण्याची हद्द नाही’ एवढ्या कारणाने गुन्हा रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्विंदर कौर प्रकरणात १९९९ मध्येच सांगितले आहे. हद्द खरोखर नसेलच, तर कागद योग्य ठाण्याकडे जातात. गुन्हा संपत नाही.

आता दाराविषयी. बीड जिल्हा औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतो हे खरे. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्याविरुद्धचा अर्ज तेथे चालत नाही. असा अर्ज पूर्वी मुंबईला करावा लागत असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याकडे आहेत. बीड, धाराशिव आणि जालन्याच्या ज्या टोळ्या दरवर्षी त्या पट्ट्यात जातात, त्यांच्या मुकादमांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण चुकीच्या ठिकाणी अर्ज करून महिना-दोन महिने घालवणे अटकेची टांगती तलवार असताना परवडत नाही.

खरा प्रश्न आहे तो हेतूचा. करार मोडणे आणि फसवणूक करणे यांतील सीमारेषा पैसे घेण्याच्या क्षणी मनात काय होते यावर ठरते. हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात (२००० साल) सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ शब्दांत मांडले आहे : सुरुवातीपासूनच न देण्याचा, न करण्याचा बेत असेल तर ती फसवणूक; पुढे जमले नाही, अडचण आली, शब्द पाळता आला नाही, तर तो दिवाणी स्वरूपाचा करारभंग. आपण चौदापैकी नऊ कोयते प्रत्यक्ष पोहोचवले आणि त्यांनी काही महिने ऊस तोडला, ही वस्तुस्थिती आपल्या बाजूची आहे. ज्याला मुळातच बुडवायचे असते तो नऊ जोड्यांना ट्रॅक्टरमध्ये बसवून इतके जिल्हे ओलांडत नाही.

परंतु आपल्या पत्रात एक गोष्ट नाही आणि तीच निर्णायक ठरेल. न गेलेल्या पाच जोड्यांसाठी आपण त्याच हंगामात दुसऱ्या एखाद्या वाहतूकदाराची किंवा कारखान्याची उचल घेतली होती का? एकाच टोळीवर दोन ठिकाणची उचल घेतल्याचे बँकेच्या उताऱ्यावरून दिसले, तर ‘कामगार ऐनवेळी फिरले’ हे म्हणणे टिकणार नाही, आणि उच्च न्यायालयात स्वतःहून जाऊन तो उतारा समोर आणण्याची वेळ स्वतःवर ओढवून घेऊ नये. आपल्या वकिलांना हे आधी खरे सांगा.

रद्द करण्याच्या अर्जात न्यायालय साक्षीपुरावा तोलत नाही. फिर्यादीत जे लिहिले आहे ते सारे खरे मानले तरी गुन्हा दिसतो का, एवढेच पाहिले जाते. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या १९९० साली निकाली निघालेल्या प्रकरणात अशा हस्तक्षेपाच्या सात परिस्थिती उदाहरणादाखल दिलेल्या आहेत आणि आजही प्रत्येक अर्ज त्यांच्यावरच घासून पाहिला जातो. आरोपीचे कागद सहसा पाहिले जात नाहीत. मात्र ज्यांच्या खरेपणाविषयी फिर्यादीलाही हरकत घेता येणार नाही असे अस्सल दस्तऐवज विचारात घेता येतात, असे राजीव थापर प्रकरणात २०१३ मध्ये ठरले. त्यामुळे कारखान्याच्या वजनपावत्या, टोळीच्या नावे निघालेली बिले आणि उचलीतून झालेल्या कपातीचा हिशेब मिळवा. वाहतूकदाराने स्वतःच्या सहीने ‘नऊ कोयते हजर’ असे कोठे लिहून दिले असेल, तर तो एक कागद व्हॉट्सॲपच्या पन्नास स्क्रीनशॉटपेक्षा मोलाचा आहे.

या सगळ्याच्या आधी अटकेचे पाहा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी यांत्रिकपणे अटक करू नये, हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे अर्नेश कुमार निकालाने २०१४ पासून बंधन आहे. ही नोटीस आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. नोटीस आली तर हंगामाचे निमित्त सांगून टाळू नका, कारण नोटिशीला न जाणे हेच पुढे अटकेचे कारण होते. उचलीच्या वेळी आपण कोरे चेक दिले असतील, तर तेही सांगा. चेक न वटल्याचा परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा खटला हा या गुन्ह्याहून पूर्ण वेगळा आहे आणि फिर्याद रद्द झाली म्हणून तो संपत नाही.

खटला बीडला आणण्याविषयी : आज खटलाच नाही, तपास आहे, त्यामुळे वर्ग करण्याचा अर्ज अकाली ठरेल. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर उच्च न्यायालयाला कलम ४४७ खाली आपल्या अखत्यारीतील एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात खटला पाठवता येतो, पण लांब पडते एवढ्यावर तो पाठवला जात नाही. निःपक्षपाती सुनावणी होणार नाही असे वाटण्याला ठोस आधार लागतो. त्यापेक्षा प्रत्येक तारखेला प्रत्यक्ष हजर राहण्यातून कलम २२८ खाली सूट मागणे हा बहुतेकांसाठी स्वस्त आणि पुरेसा मार्ग असतो.

प्रश्न : वसमत येथे माझा हळदीचा व्यापार आहे. निजामाबादच्या एका व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेऊन मी तीन गाड्या माल पाठवायचा होता. दोन गाड्या पोहोचल्या. ओलावा जास्त असल्याचे सांगून त्याने दर पाडला, वाद झाला आणि मी तिसरी गाडी थांबवली. त्याने निजामाबादला फसवणूक आणि विश्वासघात अशा दोन्ही कलमांखाली गुन्हा नोंदवला. तेलंगणाचे पोलीस येऊन गेले. तपास वसमत पोलिसांकडे द्यावा यासाठी कोठे जावे? गुन्हा रद्द होईल का?
— एक आडत व्यापारी, जि. हिंगोली

उत्तर : पहिली गोष्ट अटकपूर्व जामिनाची. गुन्हा परराज्यात असला तरी आरोपी जेथे राहतो तेथील सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने प्रिया इंदोरिया प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. त्या मुदतीत निजामाबादच्या सक्षम न्यायालयात जाता येते. आपल्या भागातील न्यायालयात असा अर्ज करताना तेलंगणातील तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांना नोटीस द्यावी लागते, आणि तिकडच्या न्यायालयात लगेच का जाता येत नाही याचे समाधानकारक कारण सांगावे लागते.

तपास हलवण्याबाबत आपली अपेक्षा कायद्यात बसत नाही. कलम ४४६ खाली एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला वर्ग करण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. पण तो ‘खटले आणि अपिले’ यांच्यापुरता आहे, पोलीस तपासाला तो लागू नाही. पाटणा आणि मुंबई पोलिसांच्या गाजलेल्या वादात, रिया चक्रवर्ती प्रकरणी २०२० साली, हाच मुद्दा पुन्हा अधोरेखित झाला. दोषारोपपत्र आल्यानंतर तो अर्ज करता येतो आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. निकष मात्र कडक आहे. मेनका गांधी विरुद्ध राणी जेठमलानी या १९७९ च्या निकालात न्यायालयाने सांगितले होते की, पक्षकाराची सोय, वकील सहज मिळणे किंवा मनातील अतिसंवेदनशील शंका ही कारणे पुरत नाहीत. भाषा तेलुगू आहे आणि निजामाबादला जाणे-येणे त्रासाचे आहे, एवढ्यावर मी आपल्याला दिल्लीचा खर्च करण्याचा सल्ला देणार नाही. गाव सीमेपासून इतके जवळ असताना तर नाहीच.

रद्द करण्याच्या अर्जाचे मुख्य ठिकाण हैदराबादचे तेलंगणा उच्च न्यायालय आहे. औरंगाबाद खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येईल का, असे काही जण विचारतात. वादाचे कारण अंशतः महाराष्ट्रात घडले असेल, तर परराज्यातील गुन्ह्याविरुद्धची याचिका येथील उच्च न्यायालय ऐकू शकते, हे नवीनचंद्र मजिठिया प्रकरणात २००० साली मान्य झाले. तेथे गुन्हा शिलाँगला नोंदलेला होता आणि पुढील तपास सर्वोच्च न्यायालयाने मुंबई पोलिसांकडे दिला. आपण तपासाविषयी विचारले आहे, त्याला कायद्यात उरलेली वाट हीच. परंतु त्या प्रकरणातील सारा व्यवहार मुंबईतच झालेला होता. आपली हळद निजामाबादला पोहोचली, पैसेही तेथूनच निघाले आणि वजन, ओलावा, दर यांवरचा वाद तेथेच झाला, म्हणून या वाटेवर फार भिस्त ठेवू नये.

गुणवत्तेवर मात्र आपली बाजू पहिल्या पत्रलेखकापेक्षा बरी दिसते. दोन गाड्या पोहोचल्या, त्या उतरवून घेतल्या गेल्या, आणि भांडण दर्जा व दर यांविषयी झाले. अशा वादाला फौजदारी रंग देऊन वसुलीचा दबाव आणण्याच्या वाढत्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी प्रकरणात २००६ मध्ये कठोर शब्द वापरले आहेत. त्याच निकालात दुसरेही वाक्य आहे, जे आरोपीचे वकील सहसा वाचून दाखवत नाहीत : दिवाणी दावा करता येतो एवढ्याच कारणाने फौजदारी कारवाई रद्द होत नाही. दोन्ही मार्ग एकाच व्यवहारातून निघू शकतात.

दुसरा आधार आपल्याला थेट फिर्यादीतूनच मिळतो. फसवणुकीत माणूस पहिल्यापासून खोटे बोलून मालमत्ता काढून घेतो. विश्वासघातात मालमत्ता आधी रीतसर सोपवलेली असते आणि नंतर तिचा अपहार होतो. एकाच व्यवहारात, त्याच वस्तुस्थितीवर हे दोन्ही गुन्हे एकाच वेळी उभे राहू शकत नाहीत, असे दिल्ली रेस क्लब प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले गेले आणि पोलीस दोन्ही कलमे सवयीने एकत्र लावतात याबद्दल खंतही व्यक्त झाली. विक्रीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ही ‘सोपवलेली’ मालमत्ता नव्हे, किमतीचा भाग आहे. त्यामुळे विश्वासघाताचे कलम तरी टिकणे अवघड आहे. तिसऱ्या गाडीची उरलेली आगाऊ रक्कम आपल्याकडे अजून तशीच असेल, तर ती परत करण्याची लेखी तयारी दाखवण्यात कमीपणा मानू नका. हेतू सिद्ध करण्यासाठी आपल्या हातात त्याहून चांगले साधन नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. एका पतसंस्थेत मी निवृत्तीची रक्कम ठेवली होती. संस्था बंद पडल्यावर शेकडो ठेवीदारांच्या वतीने गुन्हा दाखल झाला. आता एका संचालकाने उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज केला आहे आणि ‘सक्तीची कारवाई करू नये’ असा आदेश मिळवला आहे. पोलीस म्हणतात, आता आमच्या हातात काही नाही. आमचे पैसे गेले असे समजायचे का?
— एक ठेवीदार, परभणी

उत्तर : नाही. त्या आदेशाची प्रत मिळवून शब्द न् शब्द वाचा. ‘सक्तीची कारवाई नको’ याचा अर्थ सामान्यतः अटक नको असा असतो. तपास थांबवल्याचे वेगळे लिहिलेले नसेल, तर जबाब नोंदवणे, संस्थेची खाती तपासणे आणि कर्जवाटपाचे दप्तर ताब्यात घेणे सुरूच राहिले पाहिजे. असे संदिग्ध अंतरिम आदेश उच्च न्यायालयांनी सरसकट देऊ नयेत आणि दिल्यास कारणे व नेमका अर्थ लिहावा, असे नीहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या एप्रिल २०२१ च्या निकालात सांगितले आहे. तो निकाल आपल्याच राज्यातील प्रकरणात आलेला आहे, म्हणून सरकारी वकिलांना त्याची आठवण करून देणे अवघड जाऊ नये.

अशा अर्जात मूळ फिर्यादी हा प्रतिवादी असतो आणि त्याला ऐकल्याशिवाय सहसा अंतिम आदेश होत नाही. फिर्याद आपल्या नावावर नसली तरी ठेवीदार म्हणून हस्तक्षेप अर्ज करता येतो. संचालक त्या फिर्यादीपुरते पैसे परत करून ‘तडजोड झाली’ असे म्हणू पाहील, अशी भीती आपण पत्रात पुढे व्यक्त केली आहे. ती निराधार नाही. मात्र पर्बतभाई आहिर प्रकरणात (२०१७) न्यायालयाने आर्थिक गुन्ह्यांचा वेगळा विचार केला आहे : ज्या गुन्ह्याचे परिणाम दोन खासगी पक्षांच्या पलीकडे जातात, तो त्या दोघांत समेट झाला म्हणून रद्द होत नाही. शेकडो ठेवीदारांचे प्रकरण याच्या आत नेमके बसते.

पैसे परत मिळण्याचा मार्ग बव्हंशी वेगळाच आहे. गुन्ह्यात ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात, लावला आहे का ते पाहा. तो लागला असेल तर शासन संस्थेची आणि जबाबदार व्यक्तींची मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याकडे देते आणि विशेष न्यायालय पुढे विक्री व वाटपाचे आदेश करते. आपली ठेवपावती, पासबुक आणि ओळखपत्र यांच्या प्रतींसह मागणी त्या प्राधिकाऱ्याकडे नोंदवून पोच घ्या. अनेक ठेवीदार पोलीस ठाण्यात जबाब दिला म्हणजे सारे झाले असे समजून घरी बसतात आणि वाटपाच्या यादीत त्यांचे नाव नसते.

प्रश्न : बियाण्यांच्या व्यवहारात माझ्यावर ४२० चा गुन्हा होता. दोषारोपपत्र न्यायालयात गेले आहे. आता फिर्यादीचे सहा लाख मी दिले असून तो गुन्हा मागे घ्यायला तयार आहे. यासाठी उच्च न्यायालयात जावेच लागेल का?
— एक विक्रेता, जालना

उत्तर : फिर्यादी गुन्हा ‘मागे घेऊ’ शकत नाही, एकदा नोंदला की तो राज्याचा असतो. पण ४२० चा गुन्हा, न्यायालयाच्या परवानगीने, फसवणूक झालेल्या व्यक्तीला आपसात मिटवता येतो. जुन्या संहितेच्या कलम ३२० मध्ये ही तरतूद होती, नव्या संहितेत ती कलम ३५९ मध्ये आहे. खटला आधीच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर असल्यामुळे परवानगीचा अर्ज तेथेच द्या. मंजूर झाला तर आपण निर्दोष सुटल्यासारखेच होते. ४२० च्या जोडीला बनावट दस्तऐवजाची कलमे, म्हणजे ४६७ किंवा ४६८, असतील तर ती अशी मिटत नाहीत आणि तेव्हा मात्र औरंगाबाद खंडपीठात जावे लागेल. तेथे दोघांची प्रतिज्ञापत्रे लागतील, आणि समेट स्वखुशीने झाला याची खात्री करण्यासाठी फिर्यादीला प्रत्यक्ष उभे करण्यास सांगितले जाऊ शकते. फिर्याद कंपनीच्या वतीने तिच्या व्यवस्थापकाने दिली असेल, तर तडजोडीच्या अर्जावर सही करण्याचा अधिकार त्याला संचालक मंडळाच्या ठरावाने दिलेला आहे, याची प्रत आधी मागून घ्या.